दगडातली गारगोटी, गाळातलं सोनं

एरवी आपण इथे भेटतो तेव्हा कर्जाचे हप्ते, व्याजाचा हिशेब, पापड-लोणच्याचा बाजार असंच काहीतरी बोलतो. आज आम्ही तुम्हाला आमच्या गटाच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत, आणि त्या सहलीमुळे आम्ही जो इतिहास शोधत बसलो तोही सांगणार आहोत.

सहल ठरवतानाच वाद झाला होता. सगळ्यांना वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचं होतं. आम्ही सुचवलं की जाताना वाटेत सिन्नरला उतरू, तिथल्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं दगडांचं संग्रहालय आहे. बायका हसायला लागल्या. "दगड बघायला तिकीट काढायचं? आमच्या वावरात या, फुकट दाखवते," असं एकीने ऐकवलं. तरी वाट तीच होती म्हणून उतरलो.

आत गेलो आणि बोलणं थांबलं. काचेमागे, दिव्याच्या उजेडात, हिरवे, गुलाबी, मोत्यासारखे पांढरे, निळे दगड. काही सुयांच्या झुबक्यासारखे, काही उमललेल्या फुलासारखे. तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकू एका काचेपाशी थबकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या विहिरीतलं!"

काकूंनी मग तिथेच उभं राहून सांगितलं. त्यांची विहीर खोल करताना सुरुंग उडवला, तेव्हा खाली दगडात एक पोकळी उघडली. आत सगळं चमचमत होतं. काकू आणि त्यांच्या जावेने घमेल्याने तो माल वर ओढला. सोबतच्या मजूर बायकांनी पोरांना खेळायला चार-दोन तुकडे नेले. पुढे आठ दिवसांनी कोणीतरी टेंपो घेऊन आला, "साफ करून देतो" म्हणाला, मजुरीएवढे पैसे हातावर ठेवले आणि ढीग घेऊन गेला. दोन खडे तेवढे काकूंनी तुळशीच्या कट्ट्यात बसवले होते म्हणून राहिले.

त्या दिवशी गाडीत दुसरं काही बोलणं झालंच नाही. हे दगड आपल्याकडे कसे आले? आधी कोणी काढले? कोणी नेले? घरी आल्यावर आम्ही वाचायला लागलो, विचारायला लागलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट दगडाची. आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा काळ्या दगडावर बसलेला आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचले. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे आडवे पट्टे दिसतात ना, ते हेच थर. लाव्हारस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. अनारसा तळताना जशी जाळी पडते, तशी दगडाला जाळी पडली. कुठे वाटाण्याएवढी पोकळी, कुठे माणूस आत बसेल एवढी. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं. पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर धरते, तसे त्या पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरले. त्यांतल्या काचेसारख्या कठीण खड्याला आपण गारगोटी म्हणतो. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून उजेड पाडलेला तुमच्यापैकी कितीजणींना आठवत असेल. बाकीच्यांची नावं आपल्या तोंडात बसायची नाहीत: अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. यांतल्या काहींच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. 1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडनच्या माणसाने हे नाव दिलं. त्याचा अर्थ उकळणारा दगड, कारण तापवला की त्यातलं पाणी उकळल्यासारखं बाहेर येतं.

दुसरी गोष्ट, हे दगड आपल्याकडून बाहेर जायला फार पूर्वीच सुरुवात झाली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, आणि त्यांत अकीकासारख्या दगडांचे मणीही. अकीक म्हणजे याच काळ्या दगडाच्या पोकळीत तयार झालेला गुळगुळीत खडा. तो भाजला की लाल होतो, हेही त्या काळापासून लोकांना माहीत होतं. पुढे सातवाहनांच्या काळात आपलं पैठण मोठी राजधानी होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की पैठणहून असे खडे फार मोठ्या प्रमाणावर भडोचच्या बंदरात येतात आणि तेरहून कापड येतं. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून आणतात, एवढं बारीक त्याने लिहून ठेवलंय. बंदर कुठलं, माल काय, भाव कुठे मिळतो, सगळं आहे. तो खडा गोदावरीच्या पात्रातून वेचला कोणी, भाजला कोणी, त्याला भोक पाडलं कोणी, ते त्याने विचारलेलं दिसत नाही.

तिसरी गोष्ट बोरघाटाची. पुण्याहून मुंबईला रेल्वेने गेलेल्या सगळ्याजणी त्या घाटातून गेल्या असतील. 1856 साली तिथलं काम सुरू झालं आणि 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. यंत्रं जवळजवळ नव्हतीच. घण, पहार, सुरुंगाची दारू आणि माणसांचे हात. 1861 साली तिथे बेचाळीस हजार माणसं कामावर होती. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्या सात-आठ वर्षांत वीस हजारांहून अधिक माणसं गेली असावीत, असा अंदाज सांगितला जातो.

या घाटात एका बाईचं नाव मात्र इतिहासात राहिलं आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल मागे हटली नाही. कंत्राट तिने स्वतःच्या नावावर चालू ठेवलं, देखरेखीला जाणकार माणसं नेमली आणि काम तडीला नेलं. परक्या मुलखात, नवरा नुकताच गेलेला, एवढं धाडस तिने केलं, याचं आम्हाला कौतुकच वाटलं. पण तिचं नाव टिकलं ते कंत्राटाच्या कागदावर सही होती म्हणून, हेही ध्यानात आलं. तिच्याच कामावर डोक्यावरून दगड-माती वाहणाऱ्या बायका होत्या. त्यांची सही कुठेच नव्हती.

आणि त्याच बोगद्यांत आणि कापलेल्या दरडींत अपोफिलाइट, स्टिल्बाइटचे असे स्फटिक निघाले की युरोपातल्या संग्रहालयांत ते मानाने जाऊन बसले. पाटीवर दगडाचं नाव, खाली गाव, जमलं तर देणाऱ्याचं नाव. जगभरची रीत हीच आहे.

चौथी गोष्ट आपल्या घरातली आहे. 1972 चा दुष्काळ आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही, पण आमच्या आज्यांनी पाहिलाय. शेतात काही उरलं नव्हतं. सरकारने दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते, खडी फोडणं. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. त्या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने होत्या. हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, मूल झाडाला बांधलेल्या झोळीत. पुढच्या वर्षांत विहिरी खोल होत गेल्या, रस्ते आणि इमारती वाढल्या, तशा दगडाच्या खाणी वाढल्या. जळगाव, नाशिक, नगर, पुणे, जिथे जिथे काळा दगड फुटला, तिथे तिथे स्फटिकांच्या पोकळ्या उघडल्या. राहुरीकडे एका विहिरीत हिरव्यागार अपोफिलाइटची पोकळी निघाली, ती जगभर गाजली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत गडद निळ्या रंगाचा केव्हन्साइट सापडला. हा दगड आधी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये ओळखला गेला होता, पण जगातले सगळ्यांत देखणे नमुने वाघोलीचे मानतात. या खाणींत दगड फोडणारी माणसं मुख्यतः वडार समाजाची, आणि नवरा-बायको दोघंही कामावर. आमच्या आज्यांनी फोडलेल्या खडीत अशी किती फुलं चुरडली गेली असतील, कोणास ठाऊक. त्यांना खडीच्या ब्रासावर मजुरी होती. फुलाला भाव असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता सोन्याकडे वळतो, कारण सहल अजून संपलेली नाही.

सिन्नरहून आम्ही नाशिकला मुक्कामाला गेलो. पहाटे गोदावरीवर जाताना सराफ बाजारातून वाट होती. दुकानं बंद. दोन बायका वाकून, मऊ केरसुणीने, रस्त्याच्या दगडांच्या फटी झाडत होत्या. तिसरी गटारातला गाळ घमेल्यात भरत होती. आमच्यातल्या एकीला वाटलं, नगरपालिकेच्या असतील. विचारलं तर कळलं, त्या सोनं शोधत होत्या.

सराफाकडे दागिना घासताना, कानस मारताना, पॉलिश करताना सोन्याचा बारीक कीस उडतो. तो अंगाला, पायाला, केराला चिकटून रस्त्यावर येतो, धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातो. तो गाळ धुऊन सोनं वेगळं करणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. शब्द जुना आहे. या कामात सोनझारी समाजाची माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांचा मूळ धंदा नदीतून सोनं काढण्याचा. 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात या समाजाची नोंद आहे. सोनं आणि झारणं म्हणजे झाडणं-धुणं, यावरून नाव पडलं असं ते सांगतात, आणि त्यांच्या मुलखात बालाघाट आणि चांदा, म्हणजे आपला चंद्रपूर, हे भाग येतात. तिकडेच का, याचंही कारण दगडात आहे. पूर्व विदर्भात आपला काळा दगड संपतो आणि त्याहून कितीतरी जुना खडक लागतो. सोन्याचे कण त्या जुन्या खडकात असतात. पावसाने खडक झिजतो, कण ओढ्या-नदीत येतात आणि जिथे प्रवाह मंदावतो, त्या वळणावर वाळूत बसतात.

नदीतलं सोनं काढायची रीत ऐकली तेव्हा आमच्या सगळ्याजणींना एकदम हसू आलं. काठवटीसारखं उथळ लाकडी भांडं घ्यायचं, त्यात वाळू आणि पाणी घालून गोल गोल हलवायचं, वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची. तळाला काळी जड रेती उरते आणि तिच्या कडेला पिवळी रेघ. मैत्रिणींनो, हे आपलं तांदूळ रोळणंच आहे! खडा जड म्हणून खाली बसतो, तांदूळ वर येतो. इथे फरक एवढाच की आपण खाली उरलेलं टाकतो आणि ती ठेवते. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू अडीच पट. सगळा खेळ त्या फरकावर आणि मनगटाच्या हेलकाव्यावर चालतो.

आम्ही त्या झारेकरणीला विचारलं, "मावशी, सोनं आहे हे कळतं कसं?" ती म्हणाली, "दिसत नाही ताई. घमेलं जड लागतं." मग सोनं विकता कुठे? "इथेच." वजन कोण करतं? "तेच करतात. भाव पण तेच सांगतात."

यावर आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण हे उत्तर आमच्या ओळखीचं होतं. डेअरीवर दुधाचं फॅट आपल्याला दिसत नाही, यंत्रावरचा आकडा दुसरा वाचतो. कांद्याचा भाव रुमालाखाली ठरायचा, तो काळही आमच्या घरातल्यांनी पाहिलाय.

तिच्या कामातली सगळ्यांत वाईट गोष्ट पुढची आहे. धुऊन उरलेल्या बारीक गाळात पारा घालून हाताने चोळतात. पारा सोन्याला धरतो. मग ती गोळी तापवली की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं मागे राहतं. हे बहुधा घरातल्याच चुलीवर, पोरांच्या समोर चालतं. ती वाफ मेंदूला, मज्जातंतूंना, मूत्रपिंडांना बाधते, पोटातल्या बाळालाही सोडत नाही. जपानमध्ये मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत उतरला, आणि 1956 पासून तिथल्या माणसांचे हाल जगासमोर आले. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झाला आणि भारताने 2018 साली त्याला मान्यता दिली. करार दिल्लीपर्यंत आलाय. त्या गल्लीतल्या चुलीपर्यंत तो पोचायचा आहे. तुमच्या ओळखीत कोणी हे काम करत असेल तर एवढं जरूर सांगा: पारा उघड्यावर तापवू नका, घरात तर नाहीच, आणि पोटुशी बाई, लहान मूल जवळपास नको.

महाभारतातली एक गोष्ट आम्हाला इथे आठवली. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला डोंगराळ मुलखातले लोक पिपीलिक नावाचं सोनं घेऊन आले, असं सभापर्वात आहे. पिपीलिका म्हणजे मुंगी. मुंग्यांनी जमिनीतून वर काढलेलं ते सोनं म्हणे. आम्हाला वाटलं, वाकून, कण कण वेचणाऱ्या माणसांना लांबून बघितलं तर ती मुंग्यांसारखीच दिसतील. आणि ज्याने सोनं काढलं त्याला गोष्टीत मुंगीच म्हटलं, तर वाटा मागायला कोण येणार?

आम्ही काही इतिहासकार नाही. पण पैठणच्या बाजारापासून सराफाच्या गल्लीपर्यंत एक गोष्ट आम्हाला सारखी दिसली. माल बायकांच्या, मजुरांच्या हातून गेला. ज्याला मालाची ओळख होती आणि ज्याच्याकडे तराजू आणि वही होती, त्याच्याकडे तो थांबला. काकूंना गारगोटीची ओळख नव्हती. झारेकरणीला ओळख पक्की आहे, पण तराजू नाही. दोघींपैकी कोणाकडेच वही नव्हती.

वही ठेवणं तेवढं आपल्याला येतं. दहा वर्षं आपण दुसरं काय करतोय?

म्हणून सहलीहून आल्यावर आम्ही गटाच्या दप्तरात एक जादा वही घातली. गावातल्या प्रत्येक विहिरीला एक पान. विहीर कोणत्या साली खोदली, किती परस खोल, पाणी कशाला लागलं, दगडात काय निघालं, आणि कामावर कोण कोण होतं. शेवटचा रकाना भरायला सगळ्यांत वेळ लागतो. पुरुषांची नावं चटकन मिळतात. बायकांची विचारली की "अमक्याची आई", "तमक्याची सून" असं येतं. मग त्यांच्या घरी जावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ती म्हातारी स्वतःच खळखळून हसते, "माझं नाव कशाला गं?" म्हणते, आणि मग सांगते. चौदा पानं झाली आहेत.

एक सूचनाही करून ठेवतो. हे ऐकून कोणी पोराबाळांना घेऊन खाणीत किंवा चालू कामाच्या विहिरीत उतरू नका. न उडालेला सुरुंग, सुटलेली कपार यांनी जीव जातात. आणि सरकारी जमिनीतून, डोंगरातून दगड काढायला परवानगी लागते. पण तुमच्याच विहिरीत असं काही निघालं, तर घणाने फोडू नका, पहिल्या टेंपोला देऊ नका. फोटो काढा, जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात का विचारा, चार ठिकाणी भाव विचारा, आणि काढणाऱ्या मजुरांचाही त्यात वाटा धरा.

परत आल्यावर आम्ही काकूंच्या अंगणात गेलो. तुळशीच्या कट्ट्यातले ते दोन खडे शोधावे लागले, कारण दर दिवाळीला कट्ट्याबरोबर त्यांनाही चुना बसला होता. काकूंनी नखाने खरवडलं, मग ओल्या फडक्याने पुसलं. खालून फिकट केशरी रंग निघाला, मोत्यासारखी झाक असलेला. एकीने विचारलं, "काकू, आता विकणार का?" काकू म्हणाल्या, "राहू दे. जाऊबाई गेली. तिने पाटी उचलली होती ती." आणि मग आम्हाला म्हणाल्या, "तिचं नाव लिहिलंस का वहीत?"

लिहिलं होतं. काकूंनी ते वाचून दाखवायला लावलं.

तुमच्या घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला आज रात्री जेवताना विचारा, तिने कुठल्या विहिरीवर, कुठल्या तलावावर काम केलं. आणि तिचं नाव लिहून ठेवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.